दोनवार आणि तीनवारच्या मध्ये

जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या, त्यांतल्या एकीची पाठ नंतर बदललेली, हे त्यानं रिवाजाप्रमाणे बोली सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं होतं. बोली चढत चढत दुसऱ्या रांगेतल्या मफलरवाल्या गृहस्थापाशी येऊन टेकली होती. ‘दोनवार’ असं आपण म्हणालो, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्यापुढं आठवत होतं ते एकदम छत. छताला ओल येऊन एक भलामोठा डाग पडला होता, आणि या सभागृहात निम्मं आयुष्य काढून तो आपल्याला कधी दिसला नाही, याचंच त्याला आधी नवल वाटलं. मग डागाच्या जागी लिलावघराच्या मालकांचं तोंड आलं, उलटं, कपाळ खाली आणि हनुवटी वर. तोंडात खारट चव होती. जिभेची डावी कड सोलून निघाल्यासारखी झोंबत होती. डोक्याखाली कुणीतरी उशी सारली होती आणि उशीला नंबराची चिठ्ठी होती, म्हणजे तीही विक्रीतलीच. विजार ओली लागत होती. ती का ओली, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. इतरांच्या ते केव्हाच आलं होतं, हे ती माणसं ज्या काळजीनं दुसरीकडे पाहत होती त्यावरून कळत होतं. एरवी ही मंडळी मेलेल्या माणसाच्या पलंगाखालीही वाकून बघायची, लाकूड किडलंय का म्हणून. खुर्च्या कुणाला गेल्या, असं त्यानं विचारलं. निदान विचारायचा त्याचा बेत होता. जीभ सुजल्यामुळं भलतंच काहीतरी बाहेर पडलं, आणि मालक त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, “हो हो, कळवलंय घरी.”

लिलावाच्या धंद्यात खणखणीत आवाजाचे लोक पुष्कळ होते. थांबणारा तो एकटा होता. दोनवार म्हणून झाल्यावर तीनवार म्हणायच्या आधी तो कधी कधी असा थांबायचा, की सभागृहातलं खाकरणंसुद्धा बंद पडायचं. हातोडा अर्ध्यावर, नजर कुठंतरी लोकांच्या डोक्यांवरून मागच्या दारापलीकडे, ओठ काहीतरी चवीनं चघळत असल्यासारखे हलताहेत. त्या शांततेत लोकांचं काहीतरी सुटायचं. हात खाली घेतलेला माणूस पुन्हा हात वर करायचा. आपल्याच बोलीवर आपणच वाढवून बोलणारे शहाणेही निघायचे. मालकांनी त्याचं नाव ठेवलं होतं अर्धविराम. ‘आमचा अर्धविराम पूर्णविरामापेक्षा महाग पडतो’, असं ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि नव्यानं धंद्यात आलेली पोरं मागच्या भिंतीला टेकून त्याचं थांबणं शिकायला बसत. कुणाला जमलं नाही. ती थांबली की विसरल्यासारखी दिसत. त्याला स्वतःला विचारलं असतं तर त्यानं मान तिरकी करून सांगितलं असतं, की माणसं वाचावी लागतात. आणि तो वाचायचाही. नवरा-बायको शेजारी बसली असली तर कपाट कुणाला हवंय आणि पैसे कुणाचे आहेत हे त्याला हात वर व्हायच्या आधी कळायचं. वडिलांचं सामान विकायला काढून पुन्हा चोरून बोली लावणारी मुलगी त्याला तोंड लपवायला वर केलेल्या कोटाच्या कॉलरवरून ओळखू यायची. पण या सगळ्याच्या वर आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं कुणाला सांगितली नव्हती. थांबण्याच्या जरा आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, जत्रेतला पाळणा खाली येताना चढतं तसं. ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. आणि समोरचं सगळं, ती माणसं, त्यांचे हात, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा, हे सगळं आपण पूर्वी एकदा पाहिलेलं आहे आणि याचा शेवट आपल्याला ठाऊक आहे, असं इतक्या खात्रीनं वाटायचं की अंगावर काटा यायचा. याला तो आपला अंदाज म्हणायचा. अंदाज आला की तो थांबायचा. म्हणजे थांबलेला असायचा. भानावर येताच बोली वाढलेली असायची, आणि वाढलेल्या बोलीचं श्रेय नाकारायला तो काही संत नव्हता.

इस्पितळात त्याला चार दिवस ठेवलं. पहिल्यांदा साखर पाहिली, मग रक्तातलं मीठ पाहिलं, मग दारू किती घेता आणि झोप किती होते ते विचारलं. हृदयाची पट्टी काढली, कारण पडणारा प्रत्येक माणूस फिटच्या झटक्यानंच पडतो असं नाही, कधी हृदय दगा देतं आणि आळ मेंदूवर येतो. डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढला. एका बोगद्यात झोपवून डोक्याचे फोटो घेतले. डॉक्टर बाई त्याच्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान होत्या, बोलायच्या बेताचं आणि ऐकायच्या फार. त्यांनी सांगितलं, की लहानपणापासून झटके येणाऱ्याची गोष्ट वेगळी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पहिल्यांदाच झटका आला की आम्ही आधी कारण शोधतो. गाठ, रक्ताची गुठळी, जंतूंनी केलेली जखम, डोक्याला कधीकाळी बसलेला मार. मार म्हटल्यावर त्याला ते लोखंडी कपाट आठवलं. पंधरा वर्षांपूर्वी गोदामात उतरवताना ते त्याच्या अंगावर आलं होतं आणि तो दीड दिवस बेशुद्ध होता. पुढच्याच लिलावात ‘दाराला डाव्या अंगाला पोचा’ असं त्यानं स्वतःच जाहीर केलं होतं, पोचा कुणाच्या डोक्याचा हेही सांगितलं होतं, आणि मोठा हशा पिकला होता. ही हकीकत त्यानं डॉक्टर बाईंना रंगवून सांगितली. त्या हसल्या नाहीत. असा मार वर्षं गेल्यावरही आपलं म्हणणं मांडू शकतो, म्हणाल्या. पण फोटोत तर काही दिसत नाही, आलेखही स्वच्छ आहे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “यापूर्वी कधी लहानसहान काही? बोलताबोलता भान जाणं, नसलेला वास येणं, पोटातून वर काहीतरी चढणं, घडतंय ते आधी घडून गेलंय असं वाटणं?” आपल्या अंगावर चिठ्ठी लावून कुणीतरी आपलंच वर्णन मोठ्यानं वाचतंय, असं त्याला झालं. मालातली चीर, डाग, टवका आधी सांगायचा, ही त्यांच्या धंद्याची शपथ होती. सांगितल्याशिवाय बोली सुरू करायची नाही. “नाही,” तो म्हणाला. “कधीच नाही.”

नाही म्हणण्यामागे हिशेब होता. डॉक्टर बाईंनीच तो मांडून दिला होता: हा एकच झटका असेल आणि तपासण्या स्वच्छ असतील, तर कदाचित गोळ्याही लागणार नाहीत, काही महिने गाडी चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही, वाट बघायची. पण आधीही काही होत असेल तर मग तो एक झटका राहत नाही, मग तो आजार ठरतो, आणि आजाराला वर्षानुवर्षं गोळ्या. आलेख स्वच्छ आला म्हणून आजार नाही असं नसतं, त्या म्हणाल्या होत्या, झटका यंत्राची वेळ ठरवून येत नाही. यंत्रापेक्षा पाहणाऱ्याचा शब्द मोलाचा. पुढच्या खेपेला घरच्या माणसाला घेऊन या. मालकांनीही त्यांचा हिशेब सांगून टाकला होता, फळांची पिशवी उशाशी ठेवता ठेवता. एकदाच झालं असेल तर हातोडा तुझाच. तसलं काही कायमचं निघालं तर मात्र मागच्या खोलीत बसून वस्तूंची वर्णनं लिहायची. लोकांसमोर पुन्हा तसा पडलास तर गिऱ्हाईक बिचकतं रे. बिचकण्यापेक्षा गिऱ्हाइकाला मजा वाटेल, असं त्याच्या मनात आलं, पण जीभ अजून दुखत होती. आणि गोळ्यांचं भय याहूनही खोल होतं. गोळ्यांनी ते थांबणं थांबलं, तर हातोडा हातात राहूनही हातात काय राहणार? घरी आल्यावर न्हाणीघराच्या आरशासमोर उभं राहून त्यानं हळूच ‘दोनवार’ म्हटलं आणि मुद्दाम थांबून पाहिलं. आरशातला माणूस डोळे मिचकावत होता. मनातल्या मनात आकडे मोजत होता. नळ नीट बंद केलाय का, याकडे त्याचा एक कान होता. पुन्हा म्हटलं. आरशातला माणूस चष्मा कुठं ठेवला ते आठवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसला. इतक्या वर्षांत जे लोक पाहत होते ते त्यानं स्वतः कधी पाहिलंच नव्हतं, हे त्याला तिथं, दाढीचा ब्रश हातात असताना कळलं. आणि ज्या कसबाबद्दल लोक त्याला मान देत होते त्या कसबाच्या वेळी तोच तेवढा हजर नव्हता. पोटात गोळा आला. हा नेहमीचा, साधा, भीतीचा गोळा. वास वगैरे काही नाही.

डॉक्टर बाईंपुढं बायको यातलं काही बोलणार नाही याची त्याला खात्री होती. ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. समोरच्याच्या ओठांवरून शब्द वाचायला शिकवणं हाच तिचा पेशा. नवऱ्याचं थांबणं तिनं लग्नाच्या हिशेबात केव्हाच टाकलेलं होतं, आणि ते आजाराच्या खात्यावर नव्हतं, माजाच्या होतं. बाहेरचा हातोडा घरी आणू नका, असं ती सुरुवातीला म्हणायची. पुढं तेही म्हणेनाशी झाली. भांडणाच्या ऐन भरात तो कप अर्ध्यावर धरून असा गप्प व्हायचा, आणि ती आधी चिडायची, मग रडवेली व्हायची, मग स्वतःच काहीतरी सोडून द्यायची. तो भानावर यायचा तेव्हा भांडण संपलेलं असायचं आणि जिंकलेलाही तोच असायचा. हे सगळं त्याच्या नकळत जमलेलं धन. पण काही वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ तशी नव्हती, आणि या आठवड्यात ती सारखी त्याच्यापुढं येऊन उभी राहत होती. समुद्राकाठच्या एका शहरात बहिऱ्या मुलांची नवी शाळा निघत होती आणि त्यांनी तिला मुख्य म्हणून बोलावलं होतं. ती ताटली पुसत उभी राहून हे सांगत होती, एकसारखी, श्वास न घेता, जणू मध्ये थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही. त्यानं सगळं ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकला. मुलगा वसतिगृहात, घर रिकामं, आपण एकटेच जेवणार, हे त्याला एका क्षणात दिसलं; आणि नको म्हणायला काही कारण सापडेना तेव्हा त्याला वाटलं, सभागृहात करतो तसं करून बघू. म्हणून तो थांबला. नजर खिडकीपलीकडे लावून दिली. ती म्हणाली, दोनच वर्षं. तो गप्प. ती म्हणाली, बरं, एकच वर्ष. म्हणाली, सुट्टी लागली की येईनच. म्हणाली, नाहीतर दर आठवड्याला येत जाईन, गाडीनं रात्रभराचाच प्रवास आहे. नळातून पाणी ठिबकत होतं. मग तिनं ताटली फळीवर ठेवली आणि म्हणाली, “जाऊ दे. नाही जात.” आणि तो म्हणाला, “चहा टाकतेस?” साऱ्या थांबण्यांत त्याचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच होतं.

डॉक्टर बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, सारख्या नव्हत्या. बायकोला बरी दिली आणि तो डगमगणारीवर बसला. डॉक्टर बाईंनी त्याला काही विचारलंच नाही. त्यांनी खुर्ची जराशी वळवली आणि तिला विचारलं, घरी कधी बोलता बोलता मध्येच थांबतात का.

“थांबण्याचाच तर त्यांना पगार मिळतो,” बायको म्हणाली, आणि हसली. मग डॉक्टर बाई हसल्या नाहीत म्हणून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

थांबतात म्हणजे काय होतं ते सांगा, डॉक्टर बाई म्हणाल्या. आणि बायको सांगू लागली, आधी तक्रारीच्या सुरात, माहेरी बहिणीला सांगावं तशी, मग हळूहळू सूर उतरत गेला. नजर एका जागी लागते, पण ती जागा खोलीत नसते. उजव्या हाताची बोटं सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी चाळा करतात, नेहमी दुसऱ्याच. ओठ हलतात. “त्यात शब्द नसतो,” ती म्हणाली. “मी पुष्कळदा शोधला.” डॉक्टर बाईंनी विचारलं, अशा वेळी हाक मारली तर ओ देतात का. तिनं पर्सचा बंद उघडला, लावला. “मी हाक मारत नाही,” ती म्हणाली. “मी वाट बघते.”

त्याला वाटलं होतं की आपण उठून काहीतरी बोलू, विषय हसण्यावारी नेऊ, सभागृहात रागावलेलं गिऱ्हाईक सांभाळतो तसं. पण तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथं एक मोठा हिशेब उलटा फिरत होता. वर्षानुवर्षांच्या नोंदी एका खात्यावरून खोडून दुसऱ्या खात्यावर जात होत्या, आणि प्रत्येक नोंदीला तिचा चेहरा थोडा थोडा सैल होत होता. भयंकर होतं ते पाहणं. डॉक्टर बाई सांगत होत्या, की हे छोटे झटकेच; त्या दिवशीचा मोठा होता इतकंच. ही सुरुवात बहुधा मेंदूच्या बाजूच्या भागातून होते, वासाची, आठवणींची जागा तिथंच. कपाटाचा मार कारण असेल, नसेलही; मोठेपणी येणाऱ्या झटक्यांत पुष्कळदा कारण सापडतच नाही, आणि न सापडलेल्या कारणासह जगावं लागतं. रात्रभर जागवून पुन्हा एक आलेख काढू. गोळ्या मात्र आजपासून. बायकोनं विचारलं, मग थांबलेले असताना त्यांना आमचं बोलणं ऐकू येत असेल का. नाही, डॉक्टर बाई म्हणाल्या. अगदी सुरुवातीचा वास वगैरे आठवतो, पण मधला भाग बहुतेकांना कोराच असतो. “सोपी खूण सांगते. शब्दन् शब्द आठवत असेल, तर तो झटका नव्हे.” मग त्या त्याच्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात, पुष्कळजण म्हणतात. डगमगणारी खुर्ची त्यानं पायानं दाबून धरली होती. त्यानं मान हलवली. मालकांना काय सांगायचं, मागच्या खोलीला खिडकी आहे की नाही, असले विचार ओळीनं येऊन गेले, आणि आश्चर्य म्हणजे त्यांतला एकही टोचला नाही. टोचत होतं ते वेगळंच होतं.

वाटेत रस्ता ओलांडताना तिनं त्याचा दंड धरला आणि रस्ता संपल्यावरही सोडला नाही. असं तिनं केव्हा केलं होतं, ते त्याला आठवेना. घरी आल्यावर तिनं गोळ्यांची पाकिटं ओट्यावर मांडली, सकाळची डावीकडे, रात्रीची उजवीकडे. दुपार कलली होती. स्वयंपाकघरात एकच खिडकी आणि तिच्यातून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. तो टेबलाशी बसला. ती त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, “मी तुम्हाला फार वाईट ठरवत आले.” तो म्हणाला, चालायचंच. ती म्हणाली, “चालायचंच कसं? माणूस आजारी, आणि मी रुसून बसायची. त्या संध्याकाळीसुद्धा तेच झालं असणार.” कुठल्या, असं त्यानं विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि तिलाही ते सांगावं लागलं नाही. ती वळली. तिचे डोळे ओले होते, पण चेहरा उजळलेला होता. पाणी उतरल्यावर आवार दिसतं तसा सगळा स्पष्ट. “मी इतकी वर्षं धरून बसले होते,” ती म्हणाली, “की हा माणूस ऐकत होता. माझं सगळं ऐकूनही नुसता बघत बसला. शाळेचं दुःख मला तेवढं नाही झालं हो. तुम्ही तिथं होतात, याचं झालं.” मग ती पुढं झाली आणि डॉक्टर बाईंसारखीच, अगदी त्यांच्याच हलक्या आवाजात तिनं विचारलं, “आठवतं का त्यातलं काही?”

“काही नाही,” तो म्हणाला.

किती सहज आलं ते. तिनं मोठा श्वास सोडला आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. त्याचा हात हातात घेतला. तिच्या बोटांना खडूचा तो कोरडेपणा होता. त्याला झोप आली, खरोखरीची, लहानपणी आजारातून उठताना यायची तशी. सगळं माफ झालेलं, आता फक्त पडून राहायचं. समोरच्या जिन्यावरून कुणीतरी सायकल खांद्यावर घेऊन चढत होतं. ती बोलत होती, समजुतीनं, रुग्णाला त्याचा हरवलेला दिवस परत द्यावा तसं. म्हणाली, मग मी सांगते ना तुम्हाला, तुमच्या वाटणीची ती संध्याकाळ. दिवे लागायची वेळ होती. तुम्ही इथंच बसला होतात, याच बाजूला. “आणि मी तिथं ओट्यापाशी. हातात ती निळी ताटली होती, आणि मी म्हटलं…”

“पांढरी,” तो म्हणाला. “काठाला टवका उडालेली.”

वर्णन पुरं केल्याशिवाय त्याला कधी राहवलंच नव्हतं.

तिनं हात काढून घेतला नाही. तो त्याच्या हातात तसाच राहिला, फक्त त्यात कुणी नव्हतं. तो तिच्याकडे पाहू लागला. तिची नजर कुठंही लागलेली नव्हती, ती सरळ त्याच्यावर होती. ओठ मिटलेले. बोटं कशाशीही चाळा करत नव्हती. पाळणा खाली आला नाही, पुठ्ठ्याचा वास आला नाही. सगळं पहिल्यांदाच घडत होतं आणि याचा शेवट त्याला ठाऊक नव्हता.

“ती शाळा,” तो म्हणाला, “अजून असेल ना?”

ती काही बोलली नाही.

“तिथं कुणी ना कुणी लागत असेलच. विचारून बघू. तू जा वर्षभर.”

ती काही बोलली नाही.

“दोन वर्षं,” तो म्हणाला. “पाहिजे तर मी तिथं भेटायलाही येत नाही. इथंच राहतो. गोळ्या घेईन माझ्या मी.”

ती ऐकत होती. शब्दन् शब्द ऐकत होती, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.